जोड थंड, दोर गरम

माझी शाळा तिसरीत संपली. मास्तरांनी काढलं नाही, मीच निघालो, आणि का निघालो ते इथं सांगत बसत नाही. तेव्हा हे लिहिलेलं कुणाला आडवंतिडवं वाटलं तर वाटू द्या. पुतण्या म्हणत होता, तात्या, तुम्ही नुसतं सांगा, मी नीट लिहून काढतो. मी नको म्हटलं. जन्मभर माझ्या कामाला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही, आता कशाला? दिवाळी अंकवाल्यांनी धंद्यातले अनुभव मागितलेत. अनुभव म्हणजे ज्यातून माणूस शहाणा होतो ते, असं त्यांना वाटत असावं. मला जे आठवतं त्यात मी बहुतेक वेळा गोंधळूनच उभा आहे.

माझा धंदा वेल्डिंगच्या केबली दुरुस्त करायचा. लोकांना वेल्डर दिसतो, त्याची काळी काच दिसते, निळा उजेड दिसतो. मशीनपासून त्याच्या हातापर्यंत जी जाड काळी केबल मातीत लोळत असते तिच्याकडं कुणी बघत नाही. तिच्यावरून ट्रॅक्टर जातात, बैल जातात, तिच्यावर तापलेलं लोखंड पडतं. एका ट्रॉलीवाल्याकडं तर कोंबडी तिच्या वेटोळ्यात अंडी घालायची, आणि वेटोळं हलवलं म्हणून त्याची बायको माझ्याशी भांडली होती.

बेलापुरात रस्त्याला लागून माझं पत्र्याचं दुकान होतं. आसपास साखर कारखाने, उसाच्या ट्रॉल्या बांधणारे, नांगर-पाभरी करणारे, त्यामुळे वेल्डिंग गावोगाव. आणि त्या काळात तांबं मिळत नव्हतं. नवी केबल मागितली की इथला दुकानदार नगरला जा म्हणायचा, नगरवाला पुण्याला जा म्हणायचा. म्हणून जुनी केबल जोडून जोडून वापरायची, आणि जोडायला मी.

केबल कापली की आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा निघतात, शेकड्यांनी. म्हणून तर ती वळते. एकच जाड तार असती तर ती काठी झाली असती. ती तुटते आतून. होल्डरपासून, म्हणजे वेल्डर जळायचा रॉड ज्यात धरतो त्या मुठीपासून, हातभर अंतरावर वेल्डरचा हात सारखा वळत असतो, तिथं एकेक तार मोडत जाते. वरचं रबर शाबूत, आत बरबादी. उरलेल्या थोड्या तारांवर सगळा भार आला की त्या तापतात, रबराचा वास सुटतो, आणि वेल्डर मशीनला शिव्या घालतो. हे शोधायला यंत्र लागत नाही. काम चालू ठेवायला सांगायचं आणि केबलवरून तळहात फिरवत जायचं. जिथं चटका बसेल तिथं खडूनं खूण.

मग ती जागा कापून काढायची. दोन्ही टोकांचं रबर बोटभर सोलायचं, तारा केरसुणीसारख्या फुलवायच्या, आणि दोन्ही केरसुण्या एकमेकींत घालायच्या, दोन हातांची बोटं गुंफतात तशा. वरून बारीक तांब्याची तार आवळायची, त्यावर तांब्याच्या नळीचा तुकडा चढवायचा आणि ऐरणीवर ठोकून चपटा करायचा. काही जण यात कथील ओततात. मी कधी ओतलं नाही. काम तापलं की कथील पाणी होऊन गळतं आणि जोड ढिला पडतो. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली की झालं. शेवटी परीक्षा. वेल्डरला लागोपाठ दोन रॉड जाळायला लावायचे आणि मशीन बंद करून जोड गालाला लावायचा. हाताला घट्टे असतात, हात खोटं सांगेल, गाल सांगत नाही. माझा जोड गालाला थंड लागायचा. शेजारची केबल कोमट आणि जोड थंड. कुणाला खोटं वाटत असेल तर वाटो.

गोंधळाचं म्हणालो ना, तर आमच्या नगरच्याच अकोल्याकडचे दोन भाऊ सांगतो. एकच मशीन, एकच केबल, आलटून पालटून वेल्डिंग करायचे. धाकटा आला आणि म्हणाला, "मिस्तरी, ही केबल मलाच धरती, झटका देती. थोरल्याला काय करीत न्हाई." मी केबल पाहिली, रबराला भेगा होत्या, त्या झाकून दिल्या. चार दिवसांनी परत तेच. भावाभावांत वाटणीचं काही चाललं असेल, म्हणून हा रडतोय, असं मी ठरवून टाकलं. मग एकदा त्यांच्या गावी गेलो. पावसानं जमीन चिंब, आणि धाकटा अनवाणी उभा. थोरल्याच्या पायात टायरची चप्पल. मी म्हटलं, चप्पल घाल. धंदा येतो म्हणून मी हे ओळखलं असं त्यांना वाटलं. खरं म्हणजे माझे स्वतःचे पाय भिजले होते म्हणून माझं लक्ष पायांकडं गेलं.

आता जे सांगायचंय त्याच्याकडं येतो.

वेल्डिंगच्या मशीनला केबली दोन असतात. एक होल्डरची, वेल्डरच्या हातात जाते ती. दुसरी अर्थिंगची. तिच्या टोकाला चिमटा असतो, तो ज्या लोखंडाला वेल्डिंग मारायचं त्याला लावतात. दुरुस्तीत दर वेळी वीतभर केबल वाया जाते, आणि जाते ती होल्डरचीच, कारण राबते तीच. वर्षभरात ती आखूड होते. गिऱ्हाईक म्हणतं, मिस्तरी, केबल पुरत नाही. तर मी अर्थिंगच्या केबलचा तुकडा कापून होल्डरच्या केबलला जोडायचो. ही युक्ती माझी, आणि सगळ्या भागात मीच पसरवली. अर्थिंगचं काय, लोखंड सगळीकडं आहे, चिमटा जवळच्या लोखंडाला लावला की झालं. लोक म्हणायचे मिस्तरी डोकेबाज आहे. मलाही तसंच वाटायचं.

असं का करायचो, तर माझी समजूत अशी होती: वीज मशीनमधून निघते, होल्डरमधून रॉडला येते, रॉडच्या टोकाला जळते आणि संपते, जसं चुलीत लाकूड. अर्थिंगची केबल म्हणजे बैलाला दावं असतं तशी, वीज उधळू नये म्हणून. मी वीस वर्षं या समजुतीवर काम केलं, आणि माझे जोड थंड होते.

बाहत्तरच्या दुष्काळाचा पुढचा उन्हाळा. शेवगावकडं सोपान म्हणून एक वेल्डर बैलगाडीवर मशीन टाकून वस्त्यांवर फिरायचा. त्याची होल्डरची केबल मी तीन ठिकाणी जोडून लांब करून दिली होती, अर्थातच त्याच्या अर्थिंगमधून कापून. पंधरा दिवसांनी एसटीच्या कंडक्टरनं बेलापूरच्या थांब्यावर, चार माणसांत मोठ्यानं निरोप दिला: सोपान म्हणतो, मिस्तरीचा जोड पकडत नाही, रॉड चिकटतो. निरोप दुकानात येऊन दिला असता तर कदाचित मी गेलोही नसतो. चार माणसांत दिला म्हणून दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो.

शेवगावच्या अलीकडं बाबूराव नावाच्या बागाईतदाराची वस्ती. बागाईत नावालाच राहिलं होतं, विहिरीत खडक दिसत होता. ती आणखी खोल करायचं काम चाललेलं. विहिरीच्या काठावर यारी बसवलेली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, यारी म्हणजे इंजिनावर चालणारं उचलायचं लोखंडी यंत्र. त्याचा लांब हात विहिरीवर येतो, हाताच्या टोकाला चाक, चाकावरून तारेचा जाड दोर, आणि दोराला मोठी लोखंडी बादली. त्याच बादलीतून दगड वर येतात, त्याच बादलीत उभी राहून माणसं खाली जातात.

खाली खणणारा मुख्य गडी भिवा. चाळिशीचा, अंगानं वाळका, बोलण्यात गमत्या. त्याची बायको हौसा वर बादली रिकामी करायची. बादलीच्या कडीला चीर गेली होती म्हणून सोपानला बोलावलेलं. बादली उतरवून ठेवायचाही त्यांना कंटाळा. ती दोरालाच लटकती ठेवून काठाकडं ओढून धरली होती आणि सोपान तशीच कडीला वेल्डिंग मारत होता.

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. सगळे जेवायला वर आले होते, विहिरीत कुणी नव्हतं. सोपान म्हणाला, "बघा आता डोळ्यानं. रॉड टेकवला की चिकटतोय. तुमचा जोड कच्चा हाय." मी त्याला दोन रॉड जाळायला लावले. ते धड जळत नव्हते, फुरफुरत होते. मशीन बंद करून गुडघ्यावर बसलो आणि तिन्ही जोड एकेक करून गालाला लावले. तिन्ही थंड. भिवा भाकरी खाता खाता म्हणाला, "मिस्तरी, केबलीचा मुका घेऊन ती चालत्ये व्हय? आमी बी घेतला आस्ता." हौसा हसली. मी उठून म्हटलं, जोड थंड आहे, दोष मशीनचा.

सोपाननं चिडून मशीनचा जोर वाढवला, पुरता. आता रॉड पकडला. कडीवर झकास वेल्डिंग बसायला लागलं. मी बाजूला छाती काढून उभा. तेवढ्यात जळक्या वंगणाचा वास आला. केबलीकडं पाहिलं, केबल ठीक. वर पाहिलं तर यारीच्या हाताच्या टोकाला, चाकापाशी, दोरातून बारीक धूर निघत होता. मधूनच ठिणगी उडाल्यासारखी वाटली, पण उन्हात नक्की सांगता येईना. हाताशी होता तिथं दोर मुठीत धरला आणि तसाच सोडला. तळहात भाजला होता.

आता माझी अवस्था बघा. दोराला कुणी वीज जोडलेली नाही. माझ्या हिशेबानं वीज रॉडच्या टोकाला संपलेली. मग दोर का तापतो? उन्हानं म्हणावं तर शेजारचं लोखंडही उन्हातच होतं, त्याला हात लावला तर ते नुसतं तापलेलं, भाजत नव्हतं. की भाजत होतं? मी पुन्हा लावून पाहिला. काहीच ठरेना. मी केबलीतला माणूस. या गोष्टीत मला सगळं कळतं असं मी सगळ्यांना सांगत आलो होतो, आणि इथं कुणाला विचारायचं म्हटलं तर विचारायचं काय हेसुद्धा मला कळत नव्हतं.

सोपाननं काम संपवलं, कडीवर हातोडी मारून दाखवली. खणखणीत. भिवानं हात धुतले, डोक्याला फडकं गुंडाळलं आणि बादलीत पाय टाकला. इंजिनवाल्यानं इंजिन चालू केलं.

मी म्हटलं, "भिवा, उतरू नको."

"का वं?"

"दोर तापलाय."

बाबूराव छत्री घेऊन उभे होते. ते म्हणाले, "अहो, मे महिना हाय. माझं टक्कल बी तापलंय." सगळे हसले. सोपान म्हणाला, जोडाचं खापर आता दोरावर फोडताय का. इंजिनवाला म्हणाला, दोर याच मोसमात नवा घातलाय, हत्ती बांधा. भिवा बादलीत उभाच, एक पाय आत, एक बाहेर, माझ्याकडं बघत. म्हणाला, "मिस्तरी, काय हुईल ते तरी सांगा. नुसतं उतरू नको म्हनलं तर सांच्याला हजेरी कोन मांडंल?"

काय होईल ते मला माहीत नव्हतं. मला काही कळत नाही, पण उतरू नको, एवढंच म्हणायचं होतं. ते म्हटलं तर कोण ऐकणार? आणि खरं सांगतो, ते शब्द माझ्या तोंडातून निघेनात. मग मी वेगळंच बोललो. आजवर दुसऱ्या कुणी माझ्या कामाबद्दल ते म्हटलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती.

मी म्हटलं, "माझा जोड कच्चा आहे. कच्च्या जोडावर मारलेलं वेल्डिंग वरून खणखणीत वाटतं, आत धरत नाही. कडी निसटेल. माणूस घालायच्या आधी दगड घालून बघा."

सोपानचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "कंडक्टरपाशी मी काय म्हनलो हुतो?" तो सगळ्यांना विचारत सुटला. मी खोटं बोलत होतो. जोड थंड होता, तिन्ही थंड होते. पण दोराच्या गोष्टीवर जो विश्वास कुणी ठेवला नव्हता तो या गोष्टीवर लगेच बसला. धंद्याच्या माणसानं स्वतःच्याच कामाला नावं ठेवली तर ती खरी असणार, असं लोकांना वाटतं.

बाबूरावांचा जीव मात्र दगडात अडकला. काढलेला दगड परत विहिरीत सोडायचा म्हणजे काय, असं ते दोनदा म्हणाले. भिवा बादलीतून पाय काढत म्हणाला, "मालक, आमी वर काढतो, तुमी खाली सोडा. काम कवाच संपायचं न्हाई, आमचीबी सोय झाली." काठावरचाच दगड बादलीत काठोकाठ भरला. तीन फेऱ्या करायच्या असं मी हट्टानं कबूल करून घेतलं. पहिली फेरी खाली गेली, वर आली. काही नाही. दुसरी तशीच. हौसा म्हणाली, मिस्तरींनी सावलीत बसावं, त्यांना ऊन लागलंय. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

तिसऱ्या फेरीला बादली वर येत होती, निम्म्यावर आली होती. आवाज फार मोठा झाला नाही. ताणलेली तार तुटते तसा टण् झाला. दोराचं टोक चाबकासारखं यारीवर आपटलं आणि मग खालून दगडांचा आवाज आला. तो मात्र बराच वेळ येत राहिला.

इंजिनवाल्यानं इंजिन बंद केलं. भिवा काठावर जाऊन खाली वाकून बघत राहिला. हौसानं त्याच्या सदऱ्याला मागून धरलं होतं, दोन्ही हातांनी.

दोर तुटला तिथं मी टोक पाहिलं. निम्म्या तारा ताज्या तुटलेल्या, चकचकीत. निम्म्या काळ्या पडून टोकाला वितळून गोळा झालेल्या. बादली नंतर वर काढली तेव्हा सोपानचं वेल्डिंग जसंच्या तसं होतं. कडी शाबूत. म्हणजे मी जे सांगितलं ते चूक निघालं, जे सांगितलं नव्हतं ते खरं निघालं, आणि सगळे माझ्याकडं देवऋषी असल्यासारखे बघत होते. बाबूरावांनी विचारलं, मिस्तरी, तुम्हाला कळलं कसं? मी म्हटलं, धंदाच आहे. एसटीत बसलो आणि घरी येईपर्यंत भाजलेल्या हाताकडं बघत राहिलो.

कारखान्यातले एक म्हातारे वायरमन होते. त्यांच्याशी माझं फारसं पटत नव्हतं, म्हणून विचारायला महिना लागला. तेही 'एकाचं असं झालं म्हणे' असं सांगून विचारलं. ते तंबाखू मळत होते. म्हणाले, अर्थिंगचा चिमटा कुठं लावला होता? मी म्हटलं, यारीच्या पायाला, तिथवरच पुरत होता. वेल्डिंग कशाला मारलं? बादलीच्या कडीला. "मग मधी काय आलं?" मी म्हटलं, दोर. त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "वीज संपत न्हाई, मिस्तरी. जेवढी जाती तेवढी परत मशीनमधी यायला लागती. तिची वाट म्हंजी अर्थिंगची केबल. ती त्या येड्यानं आखूड केली, मग ती दोरावरनं आली. दोर चाकाला जिथं टेकतो तिथं जळला." 'एकाचं' म्हणजे कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.

तिथून मी ज्या ज्या दुकानात अर्थिंग कापून दिली होती तिथं सायकलवर गेलो, जुने तुकडे जोडून ती पुन्हा लांब करून दिली. लोक म्हणाले, तुम्हीच तर म्हणाला होता. मी म्हटलं, आता उलटं म्हणतोय. इकडं सोपान गावोगाव सांगत होता की मिस्तरीनं स्वतःच्या तोंडानं जोड कच्चा असल्याचं कबूल केलं. गिऱ्हाइकं कमी झाली. मला रोज वाटायचं, उठावं आणि सांगावं की जोड थंड होता. पण तसं सांगितलं तर पुढचं सांगावं लागलं असतं, आणि ते त्याच्याहून वाईट होतं. तो जोड आजही माझ्या मनात थंडच आहे. त्याबद्दल मी कुणाचं ऐकणार नाही.

भिवाला मात्र सांगितलं. शेवगावच्या बाजाराच्या दिवशी पत्ता काढत त्याच्या घरी गेलो. दोघं नवरा-बायको दुष्काळी कामावर खडी फोडून नुकतीच आली होती. मला बघून भिवानं घोंगडी झटकून टाकली आणि शेजाऱ्याला हाक मारून सांगितलं, ज्यांनी माझा जीव राखला ते हे. मी म्हटलं, आधी ऐकून घे. आणि सगळं सांगितलं. केबल कशी कापली, वीज कशी परत जाते, दोर का जळला. मलाच ते पुरतं बसलं नव्हतं, त्यामुळे दोनदा चुकलो आणि पहिल्यापासून सांगितलं. भिवा मान हलवत होता. शेवटी म्हणाला, "ते समदं आसंल मिस्तरी, पन थांबवलं तर तुमीच ना?"

हौसा चुलीपुढं होती. तिला माझं बोलणं त्याच्यापेक्षा जास्त कळलं होतं. ती न वळता म्हणाली, "म्हंजी दोर तुमीच जाळला, आन् ह्यास्नी उतरू बी तुमीच दिलं न्हाई."

मी म्हटलं, हो.

"मग मी आता काय करू? च्या ठिऊ का शिव्या दिऊ?"

भिवा हसायला लागला, पण ती हसली नाही. मग तिनं पितळीत चहा ओतला आणि माझ्यापुढं सरकवला. मी घोट घेतला. चहात गूळ नव्हता, साखर नव्हती, काहीच नव्हतं. त्या दुष्काळात त्यांच्या घरात गूळ नसेल, किंवा असेल आणि तिनं घातला नसेल. मी तिच्याकडं पाहिलं, तिच्या तोंडावरून काही कळेना. विचारायचं धाडस झालं नाही. पितळी निवेपर्यंत धरून बसलो आणि चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.